बर्फवाल्या बाई बर्फाला निघाल्या

आमच्या घरात खोटं बोलण्याचं खातं माझ्याकडे आहे. नको असलेले पाहुणे फोन करतात तेव्हा "आम्ही सगळे लग्नाला चाललो" हे मी सांगते. वर्गणीवाले आले की "हे घरी नाहीत" हेही मीच सांगते, आणि हे आत टीव्ही बघत बसलेले असतात. त्यामुळे सुभद्राबाईंनी मला न विचारता, परस्पर फाटकात उभं राहून एक थाप ठोकून दिली तेव्हा मला राग आला. राग थापेचा नव्हता, कच्च्या कामाचा होता.

सुभद्राबाई म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. मी त्यांना नुसतं 'बाई' म्हणते. नागपुरात सक्करदऱ्याच्या बाजूला आमचं दुमजली घर आहे आणि खाली रस्त्याला लागून बर्फाचं दुकान होतं. माझे मोठे दीर शालिकराम ते चालवायचे. ते अचानक गेले तेव्हा बाईंचा रोहित चौथीत होता. तेराव्यानंतर बाईंनी पदर खोचला, बर्फ फोडायचा टोचा हातात घेतला आणि लादीचे असे सरळ दोन तुकडे केले की टेम्पोवाला बघतच राहिला. पुढं सारा परिसर त्यांना 'बर्फवाल्या बाई' म्हणू लागला. रसवंतीवाले, मासळीवाले, लग्नघरचे आचारी सगळे त्यांच्याकडे यायचे. ज्यांच्या घरी माणूस गेलं असेल त्यांच्यासाठी बाई बर्फ झाकलेल्या भुशातून स्वतः लादी निवडायच्या, काचेसारखी स्वच्छ, आणि त्या दिवशी गिऱ्हाइकांशी फारसं बोलायच्या नाहीत.

नागपूरच्या उन्हाळ्यात सगळं जग सुटी घेऊन थंड हवेच्या गावाला जातं. बर्फवाल्याला नेमकी तेव्हाच मान वर करायला फुरसत नसते. आणि हिवाळ्यात रोहितची शाळा. म्हणून बाई कुठे गेल्या नाहीत. म्हणजे अगदीच गेल्या नाहीत असं नाही. रामटेकला गेल्या, शेगावला गेल्या, माहूरला गेल्या. जिथे देव आहे तिथे जायला बाईमाणसाला कारण लागत नाही. जिथे देव नाही तिथे त्या साठ वर्षांत एकदाही गेल्या नव्हत्या.

आता दुकान मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या एकाला भाड्याने दिलंय. घरोघरी फ्रिज आले, लाद्या संपल्या. भुशाचा वास मात्र जिन्यात अजून आहे.

एक गोष्ट बाईंनी मला एकदा दिवाळीची शेव पाडताना सांगितली होती. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हाची. टेम्पोतून लाद्या उतरवायला एक लांब ओली फळी लावलेली असायची. लादी वर ठेवली की सर्रकन खाली येऊन भुशाच्या ढिगात रुतायची. मे महिन्याची दुपार होती, टेम्पोवाला चहाला गेला होता, घरातले सगळे कूलरसमोर आडवे झाले होते. बाईंनी लादीवर गोणपाट टाकलं, वर बसल्या आणि सुटल्या. भुशात जाऊन पडल्या, केसात भुसा, साडी चिंब.

"कोणी पाह्यलं?" मी विचारलं.

"कोणीच नाही वं. नाही तं काय ठेवलं असतं मले या घरात?" असं म्हणून बाई इतक्या लाजल्या की कढईतली शेव करपली.

तर यंदा बाईंना साठ पूर्ण झाली. रोहित हैदराबादला नोकरी करतो. त्याने फोनवर जाहीर केलं, "आई, तुझी साठीशांत वगैरे काही नाही. तू आणि कामिनीकाकू, दोघी बर्फात जा. दोन जागा शोधून काढल्या आहेत. औली नाही तर गुलमर्ग. दोन्हीकडे नवशिक्यांना बर्फावर घसरायला शिकवतात. कुठं जायचं ते रविवारपर्यंत सांग, मी बुकिंग करतो." आणि त्याने दोन्हीकडचे व्हिडिओ पाठवून दिले.

आमचे हे, म्हणजे चंद्रभान, पेपरातून डोकं काढून म्हणाले, "वहिनी, जिंदगीभर बर्फ विकला, आता बर्फच पाहाले चालल्या?"

"तो कारखान्यातला होता, भाऊजी," बाई म्हणाल्या. "हा आभाळातून पडते."

त्या आठवड्यात आम्ही दोघींनी ते व्हिडिओ इतके पाहिले की माझ्या शिवणकामाच्या बायका ब्लाउजसाठी भांडून गेल्या. औलीला समोर पांढऱ्या डोंगरांची रांग आणि उतारावर देवदाराची झाडं. गुलमर्गला दोराला टांगलेले डबे आणि खाली मोठं थोरलं पांढरं मैदान. बाई दुकानदाराच्या नजरेने पाहायच्या. "हा भुसभुशीत आहे, याच्यावर पडलं तं लागत नाही," किंवा "हा दाबून कडक झाला, इथं जपा लागते." पण गुलमर्गच्या व्हिडिओत बाईंच्याच वयाची, बाईंच्याच अंगाची एक बाई होती. ती दोन पावलं घसरली, बदकन बसली आणि बसल्याबसल्या पोट धरून हसायला लागली. तेवढा तुकडा बाई पुन्हा पुन्हा लावायच्या. मन कुठे बसलंय ते मला दिसत होतं.

"मंग गुलमर्ग सांगून देऊ रोहितले?" मी म्हटलं.

बाईंनी फोन उलटा ठेवला. "नाही वं. औली सांग."

"काहून?"

"रस्त्यात हरिद्वार लागते."

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. औलीला जायचं तर हरिद्वारवरून जाता येतं. म्हणजे शेजारीपाजारी, भावकीत, नरखेडकडच्या नातेवाइकांत सांगायला सोय झाली. साठीची विधवा बाई हरिद्वारला जाते याला कोणी नाक मुरडत नाही. साठीची विधवा बाई पायाला फळ्या बांधून काश्मीरला घसरायला जाते, हे वाक्य बाईंच्या तोंडातून निघणार नव्हतं. देवाचं तिकीट काढायचं आणि मधल्या स्टेशनवर उतरायचं, असा हा बेत होता.

मी म्हटलं, "बाई, ठीक आहे. पण कोणाशी काही बोलू नका. जे काय सांगायचं ते मी सांगीन." मला या कामाचा अनुभव आहे हो.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी बाई फाटकात दूध घ्यायला उभ्या राहिल्या आणि समोरून वामनराव आले. वामनराव आमचे शेजारी. निवृत्त आहेत, चालायला जातात, आणि चालताना सगळ्या गल्लीची चौकशी पूर्ण करून परततात. आदल्या संध्याकाळी गच्चीवर दोरीवरच्या साड्यांआड बाई गुडघे वाकवून घसरायचा सराव करत होत्या, तो त्यांनी बहुतेक पाहिला असावा.

"काय वहिनी, व्यायाम? कुठं निघाली स्वारी?"

बाईंचं तोंड उघडलं आणि त्यातून "हरिद्वारले" एवढंच बाहेर पडलं.

मी वरून ऐकलं आणि कपाळाला हात लावला. थाप मारायची तर तिला चारी बाजूंनी शिवण घालावी लागते. कधी, कोणासोबत, कशासाठी, परत कधी. नुसतं 'हरिद्वारले' म्हणून फाटक लावून घेतलं तर पुढची शिवण लोक घालतात.

तसंच झालं. संध्याकाळी वामनराव तेलाचा रिकामा डबा धुऊन-पुसून घेऊन आले. गंगाजलासाठी. त्यांच्या मागून कोपऱ्यावरचे, मग माझ्या ब्लाउजवाल्या. कोणी बाटली आणली, कोणी झाकणाची बरणी. एकीने गंगेत सोडायला नाणं दिलं. आणि जो तो म्हणे, "माह्या नावाची एक डुबकी मारजा." आमच्याकडे यात्रेला निघालेल्या माणसाला हे सांगायची पद्धतच आहे; स्वतः जाता येत नसेल तर जाणाऱ्याने तुमचं नाव घेऊन पाण्यात बुडी मारायची, पुण्य तुमच्या नावावर. शिवाय निघणाऱ्याच्या पाया पडायचं. बाई सोफ्यावर बसलेल्या आणि बायका येऊन पाया पडून चाललेल्या. बाई प्रत्येक वेळी पाय आत घ्यायच्या. शेवटी पाय ठेवायला जागा उरली नाही तेव्हा मांडी घालून बसल्या.

"बाई," मी आत नेऊन दटावलं, "आता गंगेत इतक्या डुबक्या माराल तर घसराल कधी?"

"मारीन वं. एका दमात मारीन."

तेही जमलं असतं. पण गुरुवारी वामनराव पुन्हा आले ते आनंदाने फुलून. "वहिनी, आम्ही दोघंही येतो! तुम्हाले सोबत होऊन जाईल." मग त्यांनी सोबतच्या जोरावर आमच्या सहलीची आखणी हाती घेतली. हरिद्वारला दोन मुक्काम. आरतीसाठी. ऋषिकेश तर जवळच आहे. तिथून एक आश्रम, वामनरावांच्या व्याह्यांनी सांगितलेला. मग देवप्रयाग, मग नरसिंहाचं मंदिर. मी हळूच औलीचं नाव काढलं तेव्हा ते म्हणाले, "थंडी लय असते तिथं. गुडघे धरतात. वाटलं तं दुपारी वर जाऊन पाहून येऊ, फोटो काढू, अन् खाली जेवाले."

बाई "हो हो" म्हणत राहिल्या. बाईंची ही खोड आहे. आख्ख्या बाजाराला उधारीवर बर्फ नाकारलेली बाई, पण देवाचं नाव काढलं की मान डोलावते. मी मधे तोंड घातलं तर वामनराव म्हणाले, "कामिनीबाई, तीर्थाच्या कामात वाद नको." मला त्यांचा तो डबा त्यांच्याच डोक्यात घालावासा वाटला.

शुक्रवारी बाई गच्चीवर गेल्या नाहीत. मी विचारलं, सराव नाही का? त्या म्हणाल्या, "दुपारच्या फोटोले काय सराव लागते?" आणि भाजी निवडत बसल्या. मला फार वाईट वाटलं. या बाईला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी काहीतरी हवं झालं होतं, आणि ते दर दिवशी वितळत चाललं होतं.

शनिवारी दुपारी एस.टी.ने सगुणाआत्या आल्या.

सगुणाआत्या आमच्या सासऱ्यांची धाकटी बहीण. नरखेड तालुक्यात त्यांच्या संत्र्यांच्या बागा आहेत. ऐंशी ओलांडली, पण पाठ ताठ. आमच्या घरात सासूबाईंना जेवढं कोणी भ्यायलं नाही तेवढे सगळे या आत्याबाईंना भ्यायचे. दर उन्हाळ्यात त्या माहेरी म्हणून इथे येऊन राहायच्या आणि सुनांचा आवाज ओसरीपर्यंत आला तर नुसतं वळून बघायच्या. त्या बघण्यापायी बाईंनी आपलं हसणं आयुष्यभर पदरात दाबून ठेवलं. नरखेडपर्यंत बातमी गेली होती. वामनरावांचे व्याही तिकडचेच ना.

आत्याबाईंनी संत्र्यांची थैली खाली ठेवली, पाणी प्यायल्या. खोलीत आम्ही सगळेच होतो; हे, मी, आणि रेल्वेच्या वेळा घेऊन आलेले वामनराव.

"सुभद्रे," आत्याबाई म्हणाल्या, "मले आता गंगेपर्यंत जाणं होत नाही. गुडघे गेले. माह्या नावाची एक डुबकी मारजो, बाई."

आणि त्या उठल्या, पदर डोक्यावर घेतला, आणि बाईंच्या पायाशी वाकायला लागल्या. यात्रेकरू वयाने लहान असला तरी त्याच्या पाया पडतात, हे खरं. पण सगुणाआत्या, सुभद्राबाईंच्या पायाशी!

बाई अशा उडी मारून मागे सरल्या की त्यांना साठ पूर्ण झाली हे कोणाला खरं वाटलं नसतं. मागे गंगाजलाच्या डब्यांची रांग होती. ती धडाधड कोसळली. झाकणं घरभर.

"नका आत्याबाई! पाय नका शिवू माहे!" बाईंचा आवाज चिरका झाला होता. "मी यात्रेले नाही चालली. मी घसराले चालली. बर्फावर. हरिद्वार नुसतं सांगाले होतं. मले तं गुलमर्गले जाचं आहे, काश्मीरले, तिथं देव नाही का आहे तेही मले माहीत नाही!"

एक झाकण गोल गोल फिरत राहिलं होतं. ते यांनी पायाने थांबवलं. मग वामनराव म्हणाले, "म्हणजे... आरतीचं मी बोलून ठेवलं न."

"तुम्ही जा न, भाऊ," बाई म्हणाल्या. "हे डबे घेऊन जा. सगळ्यांच्या डुबक्याही तुम्हीच मारा." आणि मग त्या रडायलाच लागल्या. मी त्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिले. कोणी एक शब्द बोललं असतं तर मी सोडलं नसतं, मग ती आत्याबाई का असेना.

आत्याबाई खाली बसल्या. थैलीतून एक संत्रं काढलं आणि सोलायला घेतलं. त्यांच्या घरी कुठल्याही गोष्टीचा विचार संत्रं सोलूनच होतो.

"कशावर घसरतात म्हणली?"

"बर्फावर, आत्याबाई."

"बसून का उभ्यानं?"

"उभ्यानं. पायाले फळ्या बांधतात."

आत्याबाईंनी एक फोड तोंडात टाकली. बी काढून हातावर घेतली. "फळीवरून तं तू अगोदरच घसरली होती. मे महिना होता. गोणपाट टाकून लादीवर बसली अन् भुशात जाऊन पडली."

बाईंचं रडणं जागच्या जागी थांबलं. "तुम्ही पाह्यलं होतं?"

"मागच्या खिडकीत होती मी. सगळे झोपले होते, मले झोप कुठं लागते माहेरात."

"मंग बोलल्या नाही काही?"

"काय बोलाव? मी तं वाट पाहून राहिली होती का तू आणखी एकदा बसते. तुले हाक माराव असं मनात आलं. म्हटलं, सुभद्रे, सरक, मले बी बसू दे." आत्याबाईंनी संत्र्याची साल घडी केल्यासारखी हातात दाबली. "पण मी मोठी होती न. घरच्या लेकीनं, बाल-बच्चेवालीनं, कसं बसाव लादीवर? अन् तेवढ्यात तो टेम्पोवाला आला."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं ज्या बाईच्या नजरेला आम्ही भ्यायलो, ती खिडकीत उभी राहून स्वतःची पाळी यायची वाट बघत होती. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी या घरात किती मोठ्याने हसले असते!

उरलेलं संत्रं आत्याबाईंनी बाईंच्या हातात दिलं. "गंगेत मी दोनदा न्हाऊन आली. पुण्य पुरे झालं. तू जिथं जाऊन राहिली तिथं जा. फक्त माह्या नावाची एक घसरजो."

रोहितला रविवारची वाट पाहायला लागली नाही. शनिवारीच फोन गेला, आणि तो बाईंनी स्वतः केला. "गुलमर्ग," त्या म्हणाल्या, इतक्या मोठ्याने की खालचा कव्हरवाला वर बघायला लागला.

वामनराव आणि त्यांची बायको डबे घेऊन हरिद्वारला गेले. खरं सांगायचं तर त्यांनी ते काम मनापासून केलं. प्रत्येकाच्या नावाची डुबकी मारली आणि महिनाभर खोकले. आमचं घर सांभाळायला आत्याबाई नागपुरातच राहिल्या. म्हणजे, यांना दोन्ही वेळा वरणभात करायला लावून त्या राहिल्या.

गुलमर्गला पोचलो तेव्हा बाई आधी बर्फाकडेच गेल्या. खाली वाकून मूठभर बर्फ उचलला, चिमटीत चोळला, हुंगला. "भुसा नाही," त्या म्हणाल्या. एवढंच. मग त्यांनी तो बर्फ गालाला लावला आणि डोळे मिटून उभ्या राहिल्या. मी दुसरीकडे बघितलं.

शिकवणारा उस्ताद मोठा धीराचा होता. तो म्हणायचा, "माँजी, घुटने मोडो," आणि माँजी घुटने मोडण्याआधी बसायच्या. मी तर पहिल्या दिवशी उभीच राहिले नाही, त्यामुळे माझ्याबद्दल इथे काही लिहिण्यासारखं नाही. बाई पडल्या, उठल्या, पडल्या. व्हिडिओतल्या त्या बाईसारख्याच बदकन बसल्या आणि हसल्या, पण पदर तोंडाशी न नेता, सगळं तोंड उघडून. तिसऱ्या दिवशी दुपारी त्या लहानशा उतारावरून, उस्तादाचा हात न धरता, सरळ खालपर्यंत गेल्या. खाली पोचून त्यांनी काठ्या वर केल्या आणि ओरडल्या, "कामिनी, ही माही होती वं!"

मग त्यांनी फळ्या काढल्या. पिशवीतून एक घडी केलेलं कापड काढलं. मी पाहिलं तर आमच्या दुकानातलं जुनं गोणपाट! नागपूरहून इतक्या लांब, माझ्या नव्या स्वेटरच्या खाली दाबून आणलं होतं. स्वेटरला तो वास का येतोय ते मला तेव्हा कळलं.

"बाई, हे काय?"

"आत्याबाईची बसून होती," त्या म्हणाल्या. "उभ्यानं नाही चालाची. घरी फोन लाव."

मी यांच्या मोबाइलवर व्हिडिओ कॉल लावला. आधी यांचा कान दिसला, मग छत, मग आत्याबाईंचा चेहरा. बाई उतारावर वर चढल्या, गोणपाट पसरलं, त्यावर मांडी घालून बसल्या. गंगेत बुडी मारण्याआधी हात जोडतात तसे हात जोडले आणि मोठ्याने नाव घेतलं, "सगुणाबाई!" आणि सुटल्या. मधे एकदा गोल फिरल्या, टोपी उडाली, माझ्या पायाशी येऊन थांबल्या तेव्हा भुवयांपर्यंत पांढऱ्या झाल्या होत्या.

मी मोबाइल त्यांच्या तोंडासमोर धरला. पडद्यावर आत्याबाई अगदी जवळ आल्या होत्या, नाक काचेला लागलेलं.

"पाह्यलं का आत्याबाई?" बाई धापा टाकत म्हणाल्या. "तुमची होती."

आत्याबाईंनी पदर ओढून घेतला. मग त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "एकच काहून? अजून कोणी आलं नाही न तिथं? मंग आणखी एकदा बस."

बाई गोणपाट झटकून पुन्हा वर चढायला लागल्या.